निम्मा मे महिना

जैतून, तुझ्या शोकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी तुला 'मितभाषी आणि सोशिक' म्हटले. शेजारी बसलेल्या शिंदेबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि आम्हां दोघींनाही एकदम मान खाली घालावी लागली. शाळेच्या मागच्या फाटकापाशी उभे राहिले तरी शिवणाच्या वर्गातला तुझा आवाज ऐकू येत असे, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते? मग मला चार शब्द बोलायला सांगितले. मी उठले. 'अत्तारबाई आमच्या शाळेत शिवणकाम शिकवीत असत,' एवढे एक वाक्य झाले आणि मी खाली बसले. सर्वांना वाटले, माझा कंठ दाटून आला. तसे नव्हते. मला जे बोलायचे होते ते तुझ्याविषयी नव्हते, तुझ्याशी होते. आणि खरे सांगायचे तर ते भांडण होते. शोकसभेत भांडण कसे करणार?

भांडण अर्थात जुनेच. मे महिन्याचे. फरक एवढाच की आता ते तुझ्याच मे महिन्यावर येऊन ठेपले आहे. तो तुझ्या अम्मांना मिळावा की नाही, मिळाला तर किती आणि कोणत्या नावाने, हे मला शाळेच्या सेक्रेटरींशी बोलून ठरवायचे होते. आणि मला वाटाघाटी करता येत नाहीत, असे तूच साऱ्या शिक्षकखोलीला सांगून ठेवले आहेस.

माझे पहिले वर्ष आठवते? पदवी घेऊन पंधरा वर्षे मी मलकापूरला संसार केला. मग संस्थान विलीन झाले, यांची जागा कमी झाली, आम्ही कोल्हापुरात आलो आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा खडू हातात धरला. वर्गातल्या मुलींपेक्षा मीच अधिक भीत असे. एप्रिलच्या अखेरीस कारकुनाने माझ्या हातावर एक चिठ्ठी ठेवली: 'आपली सेवा या महिनाअखेर संपुष्टात येत आहे.' मी ती तीनतीनदा वाचली. आपल्या हातून काय प्रमाद घडला असावा याचा विचार करीत घरी गेले, आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या नावे दोन पृष्ठांचे क्षमापत्र लिहून काढले. नववीच्या मुलींना इंग्रजी कविता शिकवताना माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, हाही त्यात एक अपराध म्हणून नमूद केला होता. ते पत्र देण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी शाळेत आले तेव्हा तू व्हरांड्यात शिवणयंत्रांना तेल घालीत होतीस. माझा चेहरा पाहून तू पत्र हातातून काढूनच घेतलेस, आणि वाचता वाचता यंत्रावर डोके टेकून हसू लागलीस.

"अगं बाय, खुळी हाईस काय? समद्यास्नीच देत्यात की ही चिठ्ठी! मला आठ वर्सं मिळतीया."

"पण... सेवा संपुष्टात, असे लिहिले आहे."

"व्हय. आणि जूनमदी पुन्यांदा सुरू. मधल्या मे म्हैन्याचा पगार वाचतोय त्यांचा. तुला काय वाटलं, तुझ्या कवितेपायी काढली व्हय?"

मग तू माझ्या क्षमापत्राची घडी घातलीस आणि त्यावर तेलाची बुधली ठेवलीस. "चांगला जाड कागद हाय," म्हणालीस. "माफी मागायला कशाला वाया घालवतीस."

त्या दिवशी मी तुला 'अहो अत्तारबाई' म्हणत होते. 'जैतून' आणि 'तू' हे पुढच्या दिवाळीनंतरचे. कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांप्रमाणे तू स्वतःविषयी 'मी येतो, मी सांगतो' असे बोलायचीस. पुण्यात शिकलेल्या माझ्या कानाला ते आरंभी खटकत असे. पुढे वाटू लागले की तुझ्यासारखे ठासून 'मी सांगतो' म्हणता आले असते, तर माझे निम्मे आयुष्य निराळे झाले असते.

शाळेत आपण पाच जणी. पाचही जणींना दर एप्रिलला निरोप आणि दर जूनला नेमणूक. मुलींच्या शिक्षणाचे पुण्यकार्य आहे, असे संस्थेचे म्हणणे. पुण्यकार्य मे महिन्यात जेवते का, असे तुझे म्हणणे. पण ते शिक्षकखोलीपुरते.

मग ते वर्ष आले. वरच्या वर्गांची मान्यता टिकवायची तर इंग्रजीला पदवीधर शिक्षिका कायम असली पाहिजे, असा सरकारी तपासनिसांचा शेरा पडला, आणि सेक्रेटरींनी मला घरी बोलावले. माझ्या पंचाहत्तर रुपये पगारावर दहा रुपये वाढ, आणि कायमची नेमणूक; मे मात्र बिनपगारीच. सुपारी कातरत ते इतक्या सौजन्याने बोलत होते की 'ठीक आहे' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते मी गिळले ते केवळ तुझ्या शिकवणीमुळे. जाण्यापूर्वी तू मला बजावले होतेस, "त्यो काय बी म्हणू दे, तू म्हणायचं, घरी इचारून सांगतो. बाईमाणसाला देवानं हे एकच हत्यार दिलंया. त्याच्यावर कुणी शंका घेत न्हाय." आणि खरोखरच सेक्रेटरींनी समजुतीने मान हलवली. घरी यांनी सर्व ऐकून घेतले आणि 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणून चष्मा पुसू लागले. मग मी ज्या घरी विचारायला गेले ते तुझे होते.

बिंदू चौकाच्या अलीकडे, बोळातली ती खोली. अम्मा दाराशी बसून लसूण सोलीत होत्या. लग्नसराईचे काम पडलेले. तू एका पोलक्याची बाही उसवीत होतीस आणि मला एकेक प्रश्न विचारीत होतीस. त्यांना तुझी गरज किती? तपासनीस कधी येणार? तुझ्याऐवजी दुसरी कोण मिळेल? न्हाय म्हणाले तर तू कुठं जाशील? हातकणंगल्याच्या शाळेतून एकदा तोंडी विचारणा झाली होती, असे मी सांगितले. पण रोज रेल्वेने जाणे मला झेपणार नव्हते.

"जा नगंस. पण दार हाय एवढं तरी सांग."

"ती लेखी विचारणा नव्हती, जैतून. तोंडी बोलण्याला मी नोकरी कशी म्हणू?"

"मग म्हणू नगंस. नुसतं 'हातकणंगलं' म्हण आणि गप बस. फुडचं त्यो सोता म्हणंल."

अम्मा हसल्या. मला ते पटले नाही. मी तोवर मनाशी निराळेच काही ठरवले होते, ते तुला सांगितले: मला वाढ नको, त्याऐवजी आपणां पाचही जणींना मे महिन्याचा पगार द्यावा, असे मी म्हणणार आहे. तुझा हात थांबला. सुई तू तोंडातून काढून पोलक्यात खोचलीस.

"पाच जणींचं तुला कुणी सांगितलं?"

"कोणी सांगायला हवे का?"

"ऐक, मी सांगतो. तू तुझ्यापुरतं माग. वाढ बी घे आणि मे बी घे. जो समद्यांसाठी मागतोय त्याला कुणासाठीच मिळत न्हाय. तुला एकदा पुरा मे मिळाला की फुडल्या वर्साला मी जाऊन हुबा ऱ्हातो, म्हणतो, कुलकर्णीबाईस्नी दिला, मला का न्हाय? मग शिंदे जाईल. असं एकेक टाक्यानं पुढं जायचं. एकदम थान फाडायला गेलीस तर वाकडं फाटंल."

"आणि ते वर्षभर? मी तुमच्यासमोर शिक्षकखोलीत पुऱ्या पगाराची म्हणून बसायचे?"

"बस की! आम्ही शिव्या देऊ. शिव्यांनी अंगाला भोकं पडत्यात व्हय?"

मी ऐकले नाही. तू मला भित्री समजत होतीस, आणि मी आहेच; परंतु भित्र्या माणसाचा हट्ट फार वाईट असतो, हे तुला त्या दिवशी कळले.

त्यानंतर सेक्रेटरींच्या व्हरांड्यात जे झाले त्याची तू इतक्यांदा नक्कल केली आहेस, की मला आता खरे दृश्य आणि तुझी नक्कल वेगळी करता येत नाही. मी वाढ नाकारली. ते चकित झाले. मी पाच जणींचे म्हणणे मांडले. ते म्हणाले, "पण बाई, संस्थेला हे पेलेल कसे?" आणि मी, आयुष्यभर गणिताच्या पेपरात रीत दाखवल्याबद्दल गुण मिळवलेली मी, रीत दाखवली. पाच जणींचा मिळून एका महिन्याचा पगार तीनशे. मी सोडत असलेली वाढ अकरा महिन्यांची एकशेदहा. म्हणजे संस्थेवर भार पडतो तो एकशेनव्वदचाच. मला वाटले होते की हिशेब इतका स्वच्छ असल्यावर नाही म्हणणे त्यांना अवघड जाईल. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि फार प्रेमळपणे म्हणाले, "एकशेदहा तुम्ही देताच आहात. चाळीस संस्था घालील. दीडशे झाले. म्हणजे पाचही जणींना निम्मा मे महिना. झाले ना तुमच्या मनासारखे?"

वकील माणूस. मी माझी शेवटची पायरी त्यांना स्वतः नेऊन दाखवली होती. ते तिच्यावर बसले, एवढेच. 'घरी विचारून सांगते' म्हणावे असे मनात आले, पण तेच वाक्य त्याच माणसाला दुसऱ्यांदा कसे सांगायचे? मी 'ठीक आहे' म्हणाले.

तुझा संताप मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "हिशेब दाखवलास? त्याला? अगं, गिऱ्हाइकाला कुणी आतलं अस्तर दाखवतं काय!" आणि मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, तुझ्या ओरडण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली, तू म्हणालीस, "म्हंजी आमचा मे तूच देणार. तुझ्या दहा रुपयांतनं. आणि त्यो म्हणणार, संस्थेनं दिला."

त्या वर्षीपासून एप्रिलअखेर निम्म्या मेचे पैसे हातात पडले की तू सर्वांच्या देखत माझ्यासमोर उभी राहायचीस. "आला बघ तुझा पगार माझ्या घरी. चहा कवा पाजू?" बाकीच्या हसायच्या. मीही हसत असे. पण जैतून, त्या हसण्याखाली भांडण तसेच होते, आणि ते आपण एकदाही पुरे केले नाही. पुढच्या वर्षी तू खरोखरच सेक्रेटरींकडे गेलीस आणि पुरा मे मागितलास. ते म्हणाले, "अत्तारबाई, तो विषय कुलकर्णीबाईंशी ठरला आहे." ठरला आहे! तू बोळाच्या तोंडाशी मला गाठून सांगितलेस, "तू निम्मं कबूल केलंस, आता निम्म्याचा कायदा झाला." मी म्हटले, "काहीच नव्हते त्यापेक्षा निम्मे बरे नाही का?" तू म्हणालीस, "न्हाय. काहीच नव्हतं तवा मागायला तोंड तरी होतं."

याला उत्तर मला आजही सापडलेले नाही. मी चुकले असे मला वाटत नाही, हेही तुला सांगून टाकते. शिंदेबाईंच्या धाकट्या मुलाच्या आजारपणात त्याच निम्म्या पगारातून औषध आले, हे तूही पाहिले होतेस. पण तुझे म्हणणे खोटे होते असेही मला म्हणता येत नाही. दोन्ही खरे असेल तर माणसाने काय करावे? तुझ्याजवळ याचे उत्तर असते तर तू ते ओरडून सांगितले असतेस. त्यामुळे ते तुझ्याकडेही नसावे, असा मी एक केविलवाणा निष्कर्ष काढून ठेवला आहे.

यंदा फेब्रुवारीपासून तुझ्या छातीत दुखत होते. रजा घेतली तर दिवस कापतात, म्हणून परीक्षेत तू अंगात ताप असताना उभी राहिलीस. मी तुझ्या वर्गावर जाते म्हटले तर म्हणालीस, "तुला काजं-बटनं कळत्यात व्हय? पोरी तुलाच शिकवतील." नंतर अंथरूण धरलेस. शेवटच्या आठवड्यात मी आले तेव्हा तुला बोलायला धाप लागत होती. मी तुझ्यापाशी बसून इकडचे तिकडचे सांगत होते. वाद काढला नाही. आजारी माणसाशी काय वाद घालायचा, असे वाटले. आता वाटते की काढायला हवा होता. तू कदाचित उठून बसली असतीस.

एप्रिल संपायच्या आत तू गेलीस. तुमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, आमच्यातही स्मशानात जात नाहीत. तेव्हा तुला नेले आणि अम्मा व मी दोघी दारातच उभ्या राहिलो. बोळ एवढासा. माणसे वळली आणि दिसेनाशी झाली. अम्मांनी माझा हात धरला होता तो बराच वेळ सोडला नाही.

शोकसभेनंतर सेक्रेटरींनी मला बाजूला बोलावले. निम्मा मे ज्या शिक्षिका जूनमध्ये रुजू होणार त्यांच्यासाठी आहे, तेव्हा अत्तारबाईंना तो नियमाने देता येत नाही. मात्र सहानुभूती म्हणून गरीब विद्यार्थिनी फंडातून त्यांच्या मातोश्रींना पंचवीस रुपये द्यावेत असे संस्थेच्या मनात आहे. मी हे अम्मांना सांगितले. त्यांना आता नीटसे दिसत नाही. त्या माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या आणि म्हणाल्या, "बाई, खैरात असंल तर नगं. पोरीनं मशीन चालवून मला पोसलं. तिचं नाव खैरातीच्या पैशात नगं घालू."

म्हणून मी परवा पुन्हा त्या व्हरांड्यात गेले. जाताना बोळापर्यंत वळून आले, सवयीने. दाराशी अम्मा एकट्याच बसल्या होत्या.

"बसा, कुलकर्णीबाई. हिशेब मांडून आणला असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"नाही," मी म्हटले. "अत्तारबाईंचा मे महिन्याचा पुरा पगार, पंचावन्न रुपये, त्यांच्या मातोश्रींना मिळावा. पगार म्हणून. फंडातून नव्हे."

"आणि ते आणायचे कुठून?"

एके काळी मी याचे उत्तर दिले असते. "तो संस्थेने विचार करायचा प्रश्न आहे," असे म्हणून मी थांबले. ते निम्म्यावर आले. मी नकारार्थी मान हलवली. ते चाळीसवर आले. मी पुन्हा मान हलवली. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "ठीक. पुरे पंचावन्न, पगार म्हणून. पण एक कागद करावा लागेल. ही विशेष बाब आहे, तिच्या आधाराने अन्य कोणास पुऱ्या मेची मागणी करता येणार नाही, आणि हे शिक्षिकांच्या वतीने आपणांस मान्य आहे. खाली तुमची सही."

पाहिलेस? एकीसाठी पुरा, आणि बाकीच्या चौघींची वाट बंद. ज्या दाराने एकीने आत जावे आणि मागून बाकीच्यांनी यावे असे तू म्हणत होतीस, ते दार त्यांनी एकीला आत घेताघेताच लावून घेतले. मी ते कलम काढा म्हणून विनवले. ते म्हणाले, "मग निम्मा घ्या, कलम काढतो." निम्मा घेतला असता तर मी माझ्या जुन्या मतावर राहिले असते. कलमासह पुरा घेतला तर तुझ्या मतावर. पण तुझे मत ज्यासाठी होते तेच त्यात मारले जात होते. मी तिथे बसून तुझा आवाज आठवायचा प्रयत्न केला. तू काय म्हणाली असतीस? मला ऐकू आले नाही. उगीच तुझ्या तोंडी काही घालून मी मोकळी होणार नाही. ते फार सोपे झाले असते.

मी सही केली.

काल पैसे घेऊन अम्मांकडे गेले. त्यांनी विचारले, "पगारच हाय न्हवं?" मी म्हटले, "पगार आहे. पुरा." त्यांनी नोटा चाचपल्या, ओच्यात बांधल्या आणि मग पदर डोळ्यांना लावला. तेवढ्या क्षणापुरते मला वाटले की मी योग्य तेच केले. बोळातून बाहेर पडेपर्यंत ते टिकले.

शाळेत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. पुरा मे मिळाला हे सर्वांना कळले होते. कागदाचे कोणाला ठाऊक नव्हते. शिंदेबाई माझ्याजवळ आल्या. त्या माझ्याहूनही हळू बोलतात, तू त्यांना 'मुकी मैना' म्हणायचीस. म्हणाल्या, "म्हणजे देता येतो तर त्यांना. मग आपण चौघींनी जूनमध्ये मागायचा का? तुम्ही बोलाल?" मी कागदाचे सांगितले. त्यांचा चेहरा पडला. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "तुम्ही तरी काय करणार," म्हणाल्या, आणि वह्या उचलून निघून गेल्या. तू नेमके हेच म्हणाली नसतीस, एवढे मात्र मला खात्रीने सांगता येते. आता मला चूक म्हणणारे शाळेत कोणी उरलेले नाही, जैतून; आणि मी बरोबर की चूक हे मला एकटीला कळत नाही.

जूनमध्ये शाळा उघडेल. यंत्रांवर कोणी नवी बाई येईल, तिलाही एप्रिलपर्यंतचीच नेमणूक मिळेल. मी सेक्रेटरींकडे जाणार आहे आणि पाचही जणींसाठी पुरा मे मागणार आहे. ते कागद पुढे करतील. करू देत. तुझे नाव त्यावर आहे म्हणून तो फाडून टाका असे मी म्हणणार नाही, आणि वाचला नव्हता असेही म्हणणार नाही. वाचून, समजून केलेली सही माझी आहे. मोडायची झाली तर ती मलाच त्यांच्या तोंडावर मोडावी लागेल. आणि शब्द मोडणारी बाई म्हणून त्यानंतर मला त्याच शाळेत शिकवावे लागेल.

मला भीती वाटते आहे. तरी जाईन.